डिकीत दोन सब, पुढे एक बॅटरी: सबवूफर वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ला-कलिना पट्ट्यात गाड्यांचं ऑडिओ वायरिंग करतो. रोज तेच प्रश्न येतात आणि अर्धे लोक सब (सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा स्पीकर) विकत घेतल्यावर विचारतात. ते घेण्याआधी विचारावेत म्हणून हे लिहून ठेवलंय. वॅट किती, हा प्रश्न शेवटी विचारा. आधी ओहम (करंटला होणारा अडथळा) मोजा, मग फ्यूज ठरवा.

एका अँपवर दोन सब लावता येतात का?

येतात. चारही लावता येतात. अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, सब किती आहेत ते कळतच नाही. त्याला दिसतो तो सगळ्यांचा मिळून एक आकडा, ओहममध्ये. अँपच्या पुस्तिकेत जो सर्वांत कमी ओहम दिलाय, त्याच्या खाली तुमची जोडणी गेली नाही म्हणजे झालं. मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा अँप बहुधा १ किंवा २ ओहमपर्यंत चालतो. चार चॅनलचा अँप ब्रिज केला (दोन चॅनल जोडून एक केले) की बहुतेक वेळा ४ ओहमच्या खाली उतरायचं नसतं.

सीरिज आणि पॅरललमध्ये फरक काय? सोप्या भाषेत सांगा.

घरातले पंखे-दिवे पॅरललमध्ये असतात: प्रत्येकाला थेट पूर्ण व्होल्टेज. जुन्या प्रकारची गणपतीच्या मखराची माळ सीरिजमध्ये असते: एकातून निघून दुसऱ्यात.

सबचंही तसंच. सगळ्यांचे प्लस एकत्र, सगळ्यांचे मायनस एकत्र, हे पॅरलल. सारखे ओहम असतील तर एकाच्या ओहमला संख्येने भागा. ४ ओहमचे दोन सब पॅरलल म्हणजे २ ओहम. पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडला आणि उरलेली दोन टोकं अँपला दिली, तर ते सीरिज. तिथे बेरीज करायची: ४ आणि ४ मिळून ८.

ओहम कमी झाले की अँपमधून करंट जास्त वाहतो, म्हणून वॅट जास्त मिळतात. तापतोही तोच अँप. जास्त वॅटच्या हव्यासापायी जो माणूस अर्ध्या ओहमवर जातो, त्याचा अँप आमच्या टेबलावर येतो.

ड्युअल व्हॉइस कॉइल म्हणजे काय? दोन सबसाठी कोणता घेऊ?

एकाच सबमध्ये दोन कॉइल (सबचा कोन हलवणारी तारेची वेटोळी), चार टर्मिनल. एकाच मालात जोडणीचे दोन पर्याय मिळावेत म्हणून ही सोय. आवाज त्याने वाढत नाही.

खरेदीतली सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

४+४ ओहमचा, म्हणजे दोन्ही कॉइल ४-४ ओहमचे, एकच सब असेल तर तो २ ओहमवर येतो किंवा ८ वर. २+२ चा एकच सब १ ओहमवर येतो किंवा ४ वर. इथवर सगळ्यांना पाठ असतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "माझा अँप १ ओहमचा आहे, म्हणून २+२ चे दोन द्या." चुकलं. २+२ चे दोन घेतले की पर्याय उरतात अर्धा ओहम, २ ओहम किंवा ८ ओहम. १ ओहम त्यातून निघतच नाही. सगळं पॅरलल केलं तर अर्धा ओहम होतो आणि अँप एकतर प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला बंद करून घेतो), नाहीतर कायमचा जातो.

१ ओहमच्या अँपवर दोन सब हवेत तर ४+४ चे घ्या: चारही कॉइल पॅरलल, बरोबर १ ओहम. अँप २ ओहमचा असेल तर २+२ चे दोन घ्या: प्रत्येकाच्या दोन कॉइल सीरिज करून ४, मग दोन्ही सब पॅरलल, म्हणजे २. उलट ४+४ च्या दोघांतून २ ओहम काढायला याल तर निघणार नाही. १, ४ किंवा १६ एवढंच मिळतं. हे गणित कागदावर दोन मिनिटांचं आहे आणि दुकानात जाण्याआधी करायचं आहे.

तीन सब लावायचेत.

नका लावू, दोन किंवा चार लावा. साध्या ४ ओहमच्या तिघांचं पॅरलल १.३३ येतं. १ ओहमच्या अँपला ते चालतं, २ ओहमच्याला नाही. तीन सारखे सब असतील तर लावता येतात, पण बहुतेकांकडे "दोन नवे आणि एक जुना" असतो, आणि त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

चारांचं गणित सोपं. ४ ओहमचे चार साधे सब पॅरलल केले तर १ ओहम. दोन-दोन सीरिज करून त्या जोड्या पॅरलल केल्या तर ४.

जुना १० इंची आणि नवा १२ इंची एकाच अँपवर चालेल?

वाजेल, पण मी लावून देत नाही. वेगळ्या ओहमचे दोन सब पॅरलल केले की कमी ओहमवाला जास्त पॉवर खेचतो. सीरिज केले की जास्त ओहमवाला. दोन्हीकडे एक सब उपाशी राहतो आणि दुसरा जळायला टेकतो. त्यात दोन्ही एकाच बॉक्सच्या एकाच कप्प्यात असतील तर मोठ्याची हवा लहान्याचा कोन ढकलत बसते. जुना सब विकून टाका, किंवा त्याला स्वतंत्र अँप आणि स्वतंत्र बॉक्स द्या.

जोडणी बरोबर झाली का, हे अँपला लावण्याआधी कसं तपासायचं?

मल्टिमीटरने. सबकडून येणाऱ्या वायरची दोन टोकं अँपला लावायच्या आधी ओहमच्या सेटिंगवर मोजा. पण त्याआधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवा. स्वस्त मीटर तिथेच ०.३ किंवा ०.४ दाखवतो. तो आकडा नंतर वजा करायचा, नाहीतर १ ओहमची जोडणी तुम्हाला दीड वाटेल.

मीटरवर ४ ओहमचा कॉइल बरोबर ४ दाखवत नाही, ३.२ ते ३.७ च्या आसपास दाखवतो. घाबरू नका. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, सबवर छापलेला आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे वाजताना एसीला होणाऱ्या अडथळ्याचा असतो. २ ओहमची जोडणी असेल तर दीड ते पावणेदोन दिसायला हवं. ०.८ दिसलं तर कुठेतरी सीरिजच्या जागी पॅरलल झालंय. काहीच दिसलं नाही तर एखादं टोक सुटलंय किंवा कॉइल जळलाय. आणि वायरचं टोक व गाडीचा पत्रा यांच्यात काहीही दिसता कामा नये.

दोन सब लावले, तरी एकापेक्षा कमी बेस येतो. का?

एक उलटा लागलाय. एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतात.

धंद्याच्या सुरुवातीला मी याच गोष्टीवर दोन दिवस घालवले होते. मित्राची गाडी होती. अँप बदलून पाहिला, स्टिरिओ बदलला, सब डुप्लिकेट निघाले म्हणून विकणाऱ्याशी भांडून आलो. शेवटी एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला आणि सबच्या वायरला क्षणभर टेकवला. पहिला कोन टप्पकन बाहेर आला. दुसरा आत गेला. बॉक्सच्या आत मीच लाल-काळ्याची अदलाबदल केली होती. काका काही बोलले नाहीत, सेल परत घड्याळात घातला आणि वेळ लावली.

तेव्हापासून बॉक्स बंद करण्याआधी दीड व्होल्टचा सेल टेकवून बघतो: सेलचा प्लस सबच्या प्लसला, कोन बाहेर यायला हवा. ड्युअल कॉइल असेल तर दोन्ही कॉइल वेगवेगळे तपासा. एकाच सबमध्ये एक कॉइल सुलट आणि एक उलट जोडला तर कोन हलतच नाही, कॉइल नुसते तापतात.

बॉक्सवर १२०० वॅट लिहिलंय. तेवढे खरंच मिळतात?

नाही. तो पीक, म्हणजे क्षणभराचा आकडा आहे. बारीक अक्षरात आरएमएस (सलग चालणारे वॅट) शोधा, तो तीन-चारशे असेल. सब आणि अँप दोन्हींची तुलना आरएमएसवरच करायची. ४०० आरएमएसचे दोन सब म्हणजे त्या जोडणीच्या ओहमवर सुमारे ८०० आरएमएस देणारा अँप.

किती जाडीची वायर लागेल?

आधी करंट काढा. १००० वॅट आरएमएसचा क्लास डी अँप साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो बॅटरीकडून १२५० वॅट मागतो. त्याला १३.८ व्होल्टने भागा: सुमारे ९० अँपिअर. गाणं म्हणजे सलग एकच सूर नव्हे, त्यामुळे सरासरी बरीच कमी राहते. पण वायर सरासरीवर घेत नाहीत.

बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर धरा. ४ गेज, म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम शुद्ध तांबं घातलं तर ९० अँपिअरला ०.३७ व्होल्ट वाटेत पडतात. हे चालतं. तिथेच ८ गेज, म्हणजे ८.४ स्क्वेअर एमएम घातली तर जवळजवळ १ व्होल्ट पडतो आणि ८० वॅटच्या वर उष्णता त्या वायरमध्येच निघते. जुना पिवळा बल्ब पायाखालच्या मॅटमध्ये पेटवून ठेवल्यासारखं.

बाजारातल्या 'वायरिंग किट'मध्ये ४ गेज लिहिलेलं असतं. तेच घेऊ?

चाकूने थोडं सोलून, एक तार खरवडून बघा. आत चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. वर कव्हर जाड आणि आत तार बारीक, हा दुसरा प्रकार. हातात उचलली की वजनावरूनच कळतं.

एकदा मीही फसलोय. छान पारदर्शक निळी वायर, वर मोठ्या अक्षरात गेज छापलेला. सहा महिन्यांनी गाडी परत आली तेव्हा फ्यूज होल्डरजवळची तार पांढरी भुकटी होऊन हाताला लागली. आपली हवा खारी आणि दमट. ॲल्युमिनियम उघडं पडलं की ते असं संपतं.

लोहार चाळीत जा आणि २५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची फ्लेक्झिबल वायर मागा. ती ४ गेजपेक्षा थोडी जाडच पडते. मात्र घरगुती वायरचं साधं पीव्हीसी कव्हर ७० अंशांपर्यंतचंच असतं, म्हणून बोनेटमध्ये तिच्यावर गरमी सहन करणारा नालीदार पाइप चढवायचा आणि इंजिनपासून ती लांब ठेवायची.

फ्यूज कुठे लावायचा? अँपवर तर आहेतच की.

अँपवरचे फ्यूज अँपसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी, आणि खरं तर तुमच्यासाठी. वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात घासून तिचा पत्र्याशी शॉर्ट झाला, तर अँपवरच्या फ्यूजला काही पत्ताच लागत नाही. बॅटरी शेकडो अँपिअर त्या शॉर्टमध्ये ओतत राहते आणि कव्हर, मॅट, सीट या क्रमाने पेटतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. फ्यूजच्या आधीच्या तेवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून तो आखूड ठेवायचा.

आकडा वायरवरून ठरतो. ८ गेज तांब्याला ५०-६०, ४ गेजला १०० ते १२५, शून्य गेजला २५० ते ३०० अँपिअर. अँपची गरज त्यापेक्षा जास्त असेल तर वायर जाड करा, फ्यूज मोठा करू नका. दोन अँप असतील तर मागे डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक (एका वायरच्या अनेक वायर करणारा जोड) घ्या, आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक बारीक वायरला तिच्या जाडीचा वेगळा फ्यूज.

फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळलेल्या गाड्या मी पाहिल्यात. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेलीही पाहिली. अशी गाडी मी आधी बॅटरीवरून सोडवतो, मग मालकाशी बोलतो.

अर्थ कुठे द्यायचा?

अर्थ, म्हणजे अँपची मायनस वायर, मागेच, गाडीच्या मूळ पत्र्याला. वायर अर्धा मीटरपेक्षा आखूड, आणि प्लसइतकीच जाड. रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून चकचकीत पत्रा काढा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, नट-बोल्टने आवळा, मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. आपल्याकडे उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो.

सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका. तो बोल्ट तुमचा जीव धरून ठेवायला आहे. आणि नवीन भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते.

माझी गाडी सीएनजी आहे. डिकीत सिलिंडर आहे. सब लावता येईल?

मुंबईत हा प्रश्न रोजचा आहे, आणि इथे मी कडक आहे. सिलिंडरच्या ब्रॅकेटला अर्थ नाही. सिलिंडरला किंवा त्याच्या पट्ट्यांना बॉक्स बांधायचा नाही. गॅसच्या उच्च दाबाच्या नळीबरोबर पॉवर वायर एका क्लिपमध्ये न्यायची नाही, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायची. व्हॉल्व्हपर्यंत हात सहज पोचला पाहिजे, बॉक्स त्याच्या आड येता कामा नये. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी (पाण्याच्या दाबाची चाचणी) सिलिंडर काढावा लागतो, तेव्हा तुमचं वायरिंग कापावं लागू नये असंच ते हवं. डिकीत उघडा जोड एकही नको. गळलेल्या गॅसला एक ठिणगी पुरते. गॅसचा थोडासाही वास येत असेल तर सबचं नंतर बघू, आधी गाडी सीएनजीवाल्याकडे न्या.

एवढं सगळं पाळून दोन १२ इंची मावतच नाहीत. सीटखालचा एक बारका सब घ्या आणि सुखी राहा.

हेडलाइट बेसबरोबर मिणमिणतात. कपॅसिटर लावू का?

कपॅसिटरचा हिशोब करून दाखवतो. १ फॅरडचा कपॅसिटर १३.८ वरून १२ व्होल्टवर उतरताना सुमारे २३ ज्यूल देतो. १२५० वॅट मागणाऱ्या अँपला ते सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतात. ढोलाचा एक ठोकाही त्यात पुरा होत नाही.

आधी अर्थ तपासा, अर्ध्या गाड्यांत दोष तिथेच असतो. मग बोनेटमधल्या तीन वायर जाड करा: अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. तरीही मिणमिणत असेल तर अल्टरनेटर पुरा पडत नाही. लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारण ६५ ते ९० अँपिअरचा असतो, आणि त्यातूनच एसी, हेडलाइट, वायपर चालतात. जुलैच्या संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर अडकल्यावर हे सगळं एकदम चालू असतं आणि इंजिन आयडलवर, म्हणजे अल्टरनेटर सर्वांत कमी देत असतो. अशा गाडीत चार-पाचशे वॅट आरएमएसच्या पुढे जाऊ नका.

गेन पूर्ण वाढवला तर आवाज वाढेल ना?

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओचा सिग्नल आणि अँप यांची जुळणी म्हणजे गेन. तो उगाच वाढवला की अँप क्लिप करतो, लहरीचं डोकं सपाट होतं आणि कॉइल जळतो.

पद्धत अशी. सबच्या वायर अँपवरून काढा. बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर. स्टिरिओ तीन चतुर्थांश व्हॉल्यूमवर, ५० हर्ट्झचा टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावा. हवे असलेले वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५०० वॅट, २ ओहम असेल तर १००० चं वर्गमूळ, म्हणजे ३१.६ व्होल्ट. तेवढे दिसले की थांबा. लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास. बॉक्सला भोक असेल तर सबसॉनिक फिल्टर (अतिखोल सूर अडवणारा) चालू हवाच.

दोन अँप एकाच सबला जोडता येतील?

दोघांचे आउटपुट एका कॉइलवर कधीच नाही, दोन्ही जातील. कंपनीने मास्टर-स्लेव्ह जोडणीची सोय दिली असेल तर तिच्या पुस्तिकेप्रमाणेच करा.

इंजिनाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो.

आरसीए वायर (स्टिरिओचा सिग्नल अँपला नेणारी) आणि पॉवर वायर एकाच बाजूने नेल्यात किंवा अर्थ सैल आहे. एक डाव्या बाजूने, दुसरी उजव्या बाजूने न्या.

पाण्यात गाडी गेली तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा रोज होत नाही, पण मिलन सबवे आणि हिंदमाता दरवर्षी कुणाची तरी डिकी भिजवतातच. म्हणून अँप डिकीच्या तळाला किंवा सीटखाली जमिनीवर ठेवत नाही, मागच्या सीटच्या पाठीवर लाकडी पाटीला उभा लावतो. तिथे वाराही लागतो. बॉक्सलाच ठोकत नाही, कारण थरथरून आतले सोल्डर सुटतात.

पाणी शिरलंच तर स्टिरिओ चालू करून "बघू वाजतंय का" हे अजिबात नको. आधी बॅटरीचा मायनस काढा, मग बॅटरीजवळचा फ्यूज, मग अँप बाहेर.

स्वतः करताना सुरुवात कुठून?

१० नंबरचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस काढण्यापासून. शेवटी जोडायचाही तोच. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओढू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या केबलच्या आसपासही हात नको, आणि हे काम स्वतः करूच नका.

रात्री वाजवलं तर पोलिस पकडतील?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. दोन १२ इंची सब चाळीच्या गल्लीत हे आकडे केव्हाच ओलांडतात. बेस नॉब गिअरजवळ लावून घ्या, गल्लीत वळलात की शून्यावर.

काम झाल्यावर परत कधी दाखवायला आणू?

पंधरा दिवसांनी. खड्ड्यांनी स्क्रू सैल होतात, तांबं दबून लगही सैल पडतो. तोवर घरी एक करा: अर्धा तास जोरात वाजवून गाडी बंद करा आणि फ्यूज होल्डर, अर्थचा बोल्ट, अँपचे टर्मिनल या तिन्हींना बोटाने हात लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेवता येत नसेल तर पंधरा दिवस थांबू नका, त्याच दिवशी या, आणि येताना बॅटरीजवळचा फ्यूज काढून या.